सोमवारचं लेबल

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
बीपी १४०/९०

डॉक्टर म्हणाले, "दयाताई, रोज सकाळी बीपी मोजायचं आणि वहीत लिहायचं." वही एस्तेरने पुण्याहून पाठवली, चांगली जाड पुठ्ठ्याची. लेकीने एवढी वही द्यावी आणि आपण पानावर दोन आकडे लिहून बाकीचं कोरं सोडावं, हे माझ्या जिवावर येतं. तेव्हा लिहिते. वाचणार कोण? आमच्या ह्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा त्यांना सापडत नाही.

आज सोमवार म्हणजे पाण्याचा दिवस. संगमनेरच्या या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मी सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक आहे, आणि सव्वीस वर्षांतला एकही सोमवार चुकलेला नाही. पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून डिस्टिल्ड वॉटर काढायचं, तोटीचा वीस लिटरचा कॅन भरायचा, वर लेबल लावायचं: डिस्टिल्ड वॉटर, तारीख, द. बे. साळवे. मागच्या आठवड्याचं लेबल सोलून रजिस्टरमध्ये चिकटवायचं. हे चिकटवणं मला कोणी सांगितलं नव्हतं, ही माझी पद्धत. पोरं हसतात. हसू देत.

या पाण्यावर सध्या जास्त हक्क आहे तो मोनिका आरगडेचा. पीएचडी करतेय, शनीच्या शिंगणापूरची, शेतकऱ्याची मुलगी. ती बॅक्टेरियाच्या अंगावरची भिंत काढून टाकते. अंड्याच्या पांढऱ्यातलं कसलंसं एन्झाइम घालून भिंत विरघळवायची, मग पेनिसिलिन द्यायचं म्हणजे नवी भिंत बांधता येत नाही. साध्या पाण्यात ते फुटतात, म्हणून साखरेच्या पाण्यात ठेवायचे. आणि मग ते फुगवून मोठे करायचे, दहापट. का, विचारलं तर म्हणते, "मोठे झाले की आत सुई घालून बघता येईल, मावशी. आत्ता ते इतके बारीक आहेत की हातच लावता येत नाही." दीड वर्ष झालं, अजून एकही मोठा झालेला नाही. उघडे होतात आणि मरतात.

"आमच्या गावात घरांना दारं नाहीत आणि माझ्या जंतूंना भिंती नाहीत," असं म्हणून स्वतःच हसते. गुणी पोर आहे. माझा डबा आल्याशिवाय जेवत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
बीपी १४०/९०

कपाळ माझं.

आज रथसप्तमी, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. लेडीज स्टाफरूममध्ये कार्यक्रम होता. मला ख्रिस्ती म्हणून कोणी वगळत नाही. कुंकवाऐवजी अत्तर लावतात, वाण मात्र सगळ्यांसारखं. यंदा चहाची गाळणी होती, स्टीलची.

मोनिकाला जास्तीचं पाणी हवं होतं, म्हणून जाताना डिस्टिलेशन चालू ठेवून गेले. दहा मिनिटांत येते म्हटलं. तिथे तिळगूळ, मग उखाणे, मग ग्रंथालयातल्या बाईंच्या सुनेची हकीकत. पाऊण तासाने आले तर जळका वास. नळाचं पाणी मध्येच गेलं होतं, भांडं कोरडं पडलं आणि कॉइल जळून काळी ठिक्कर.

विभागात कोणी नव्हतं. सरांना सांगायला हवं होतं. पण गेल्या वर्षी माझ्या हातून दोन फ्लास्क आणि एक काचेची नळी फुटली तेव्हा गुंजाळ सर सगळ्या पोरांसमोर म्हणाले होते, "साळवेबाई, पुढच्या वेळी लेखी खुलासा घेईन." सव्वीस वर्षांनी बाईला पोरांसमोर असं बोलतात का? मी कॉइल काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. त्या गाळणीशेजारीच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
बीपी १५०/९०

ह्यांनी कॉइल बघितली. आयुष्यभर जळालेल्या मोटारी तारा गुंडाळून भरल्यात म्हटल्यावर त्यांना येईल असं वाटलं होतं. म्हणाले, "ही नाशिकहून मागवावी लागेल. महिना लागेल. सरांना सांगून टाक ना."

मी म्हटलं, "तुम्ही मागवा. मी बघते."

सोमवार, १० फेब्रुवारी
बीपी १५०/९५

मागच्या आठवड्याचं पाणी संपलं. मोनिका सकाळीच दोन रिकाम्या बाटल्या घेऊन दारात उभी. बाजारातून पाणी आणायचं तर बिल, बिलावर सरांची सही, आणि सर विचारणार, का?

कॉलेजच्या बोअरचं पाणी पातेल्यात उकळलं, गार केलं, फिल्टर पेपरमधून दोनदा गाळलं. दिसायला स्वच्छ. तळाला पांढरा थर राहिला तो घासून काढला. कॅन भरला.

लेबल लिहिताना पेन थांबलं. काय लिहू? "बोअरचं पाणी" लिहिलं असतं तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. डिस्टिल्ड वॉटर लिहिलं. तारीख घातली. सही केली. एक महिन्याचा तर प्रश्न आहे. मोनिकाचे बॅक्टेरिया तसेही मरतातच.

असं मी लिहिलं खरं. वाचून बरं वाटत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी
बीपी १४५/९०

मोनिका ओरडत आली. मला वाटलं हात भाजला. "मावशी, चला, चला, आधी बघा!" मायक्रोस्कोपला डोळा लावला. नेहमी नुसते बारीक ठिपके दिसायचे. आज चांगले गोल गरगरीत, एकाशेजारी एक. "मोठे झाले मावशी! भिंत नाही, तरी जिवंत आहेत, वाढतायत!" पोरीच्या डोळ्यांत पाणी. मला मिठी मारली. माझ्या ॲप्रनला गॅसचा वास येत होता, तरी.

गुंजाळ सरांनी पेढे मागवले. मला दोन दिले.

विचार केला, देवानेच झाकलं. पाणी कसलं का असेना, पोरीचं काम झालं ना.

सोमवार, ३ मार्च
बीपी १५०/९०

चौथं लेबल. मोनिकाने रोज फोटो काढलेत, ढीगभर. मीडियाची, म्हणजे जंतूंच्या खाद्याची, बाटली उजेडात धरून म्हणाली, "मावशी, मीडिया ऑटोक्लेव्हच्या वाफेतून काढला की जरा पांढुरका दिसतो हल्ली."

मी म्हटलं, "फॉस्फेट जास्त पडलं असेल तुझ्याकडून."

पोरगी "हो का?" म्हणाली आणि पुन्हा वजन करायला बसली.

शनिवार, ८ मार्च
बीपी १४०/८५

कॉइल आली. सुट्टीच्या दिवशी हे कॉलेजात आले आणि बसवून दिली. पातेलं उचलून म्हणाले, "याच्यात बोअरचं उकळत होतीस? बघ, आत चुन्याचं अस्तरच चढलंय. या पाण्याने गीझर दोन वर्षांत भरून जातो." मी पातेलं चिंच लावून घासलं.

आता पाणी खरं, लेबल खरं, सही खरी. संपला विषय. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवास, लेंट, सुरू झालाय, यंदा चहा सोडलाय, त्यामुळे ती गाळणीही डोळ्यांसमोर येत नाही. वर फळीवर ठेवली.

मंगळवार, १८ मार्च
बीपी १५०/९५

मोनिकाचे बॅक्टेरिया फुटतायत. आठवडाभर झालं. एकही मोठा होत नाही. तिने साखर बदलली, पेनिसिलिन नवं उघडलं, इनक्युबेटरमध्ये दुसरा थर्मामीटर ठेवला. "मीडिया तर आता काचेसारखा स्वच्छ दिसतोय," म्हणाली, "आणि आता वाढत नाहीत. असं कसं?"

मी काचसामान धूत होते. नळ मोठा सोडला.

लोणच्यामुळे बीपी वाढलंय. बंद करते.

गुरुवार, २७ मार्च
बीपी १६०/९५

मोनिकाचे वडील आले होते, गोरक्ष आरगडे. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. नेवाशाला काही काम होतं, तिथून एसटीने लेकीला बघायला आले. मोनिका ग्रंथालयात होती, म्हणून माझ्याशीच बोलत बसले.

"ताई, पोरगी फोनवर बोलंना झालीय. जेवती का न्हाई, तुमाला म्हाईत. काय झालंय काय?"

"काम अडलंय थोडं. होईल."

"मला त्यातलं काय कळत न्हाई बघा. पर ती लहानपनापासून अशी हाय, की चुकलं आसंल तर सोताहून सांगती. येकदा गाईचं दूध सांडलं तर मी घरात यायच्या आधीच रस्त्यात येऊन सांगितलं. आमी तिला कधी मारलं न्हाई, मारायची येळच आली न्हाई." मग पिशवीतून वाटाण्याच्या शेंगा आणि तुपाची बाटली काढली. "हे तुमाला. तुमी हाय म्हनून मला घोर न्हाई."

तूप घरी आणलं. हे म्हणाले, किती रवाळ आहे बघ. मी अजून बोट लावलेलं नाही.

शनिवार, ५ एप्रिल
बीपी १६०/१००

पुण्याच्या एका संस्थेत मोनिकाने फेब्रुवारीतले फोटो दाखवले होते. त्यांनी तिला बोलावलं, म्हणाले आमच्याकडे करून दाखवा. ती चार दिवस तिथे राहिली. त्यांचं पाणी, त्यांची साखर, तिचे हात. एकही पेशी मोठी झाली नाही. तिथल्या एका साहेबांनी विचारलं म्हणे, "फोटोतलं माप बरोबर टाकलंय ना? का धूळ, बुडबुडे बघितलेत?" सगळे हसले. ही परत आली ती थेट माझ्या खोलीत.

"मावशी, धूळ इतकी गोल असते का हो?"

आणि मला लख्ख कळलं. ती धूळच होती. बोअरच्या पाण्यातली घाण. माझ्या पाण्यात जे काही होतं तेच पोरीने मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि पेशी समजून फोटो काढले. दीड वर्षाचं काम ज्याच्यावर उभं आहे तो माझ्या पातेल्यातला कचरा आहे.

आता सांगितलं तर तिचे फोटो कायमचे खोटे ठरतील. नाही सांगितलं तर निदान ते फोटो शंकेत राहतील. म्हणजे गप्प बसण्यातच तिचं भलं आहे. मी हे तीनदा लिहून खोडलं आणि चौथ्यांदा लिहिलं. तिच्या भल्यासाठीच गप्प आहे, असं आहे ते.

शनिवार, १२ एप्रिल
बीपी १६०/१००

गुंजाळ सरांनी मोनिकाला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं नव्हतं. "पुण्याहून पत्र आलंय. फोटोंची चौकशी करावी असं त्यांनी सुचवलंय. सोमवारी अठ्ठावीसला समिती बसेल. मी, प्राचार्यांच्या वतीने एक मॅडम आणि बाहेरचे एक प्राध्यापक. खरं काय ते सांग, पोरी. आत्ता सांगितलंस तर निभावून नेता येईल."

"सर, मी खरंच बघितलं होतं."

"मग आता का दिसत नाही?"

मी कॉरिडॉरमध्ये फडकं घेऊन उभी होते. त्या खिडकीची काच मी इतकी पुसली की शिपाई म्हणाला, "मावशी, पुरे, झिजून जाईल ती."

रविवार, २० एप्रिल
बीपी मोजलं नाही

ईस्टर. पहाटेच्या उपासनेनंतर चर्चमध्ये ज्याला साक्ष द्यायची त्याने उठायचं असतं. कोणाचा आजार बरा झाला, कोणाच्या मुलाला नोकरी लागली. मी उठले. म्हटलं, "माझ्याकडून कामात हलगर्जीपणा झाला आणि मी तो लपवला. एका मुलीचं नुकसान झालं. देवाने मला क्षमा करावी." रडले. सगळ्यांनी आमेन म्हटलं, पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, दोन बायकांनी मला जवळ घेतलं. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! घरी येऊन पुरणपोळी केली, चहा केला, फळीवरची गाळणीसुद्धा काढली.

जेवताना हे म्हणाले, "चर्चमध्ये सांगितलंस. चांगलं केलंस. पण ती पोरगी कुठे होती तिथे?"

"तुम्हाला काय कळतंय? सांगितलं तर तिचंच वाटोळं होईल."

"तिचं का तुझं?"

मी पोळी अर्धीच ठेवून उठले. चाळीस दिवस चहा सोडला, खोटं काही सोडलं नाही. हे त्यांनी म्हटलं नाही, माझं मीच म्हणतेय.

गुरुवार, २४ एप्रिल
बीपी १७०/१००

आज सांगायचंच असं ठरवून गेले. डबा उघडून तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, "मोनिका, तुला एक—"

ती म्हणाली, "मावशी, मी फोटो मागे घेतेय. पत्र लिहिलंय. मापात चूक झाली असावी, असं."

"पण चूक नव्हती ना तुझी?"

"माहीत नाही आता. आधी माहीत होतं. इतक्या वेळा केलं, एकदाही दिसलं नाही. मग मला वाटायला लागलं, मला हवं होतं म्हणून दिसलं असेल. माणसाला असं होतं का हो मावशी? आपण खोटं बोलतोय हे आपल्यालाच कळत नाही, असं?"

मी म्हटलं, "जेव आधी." भेंडीची भाजी होती. तिने दोन घास खाल्ले. अगं बये, बोल की, असं मी मनात स्वतःला म्हणत होते, आणि तोंडाने म्हणत होते, "अजून घे, अजून घे."

शनिवार, २६ एप्रिल
बीपी १७०/१०५

डॉक्टरांनी गोळी वाढवली. "कसला ताण आहे का?" म्हणाले. मी म्हटलं, "उन्हाळा आहे."

सोमवार, २८ एप्रिल
बीपी मोजलं नाही

जसं झालं तसं लिहिते.

समिती अकराला बसली. मी चहा घेऊन गेले. मोनिका टेबलाच्या टोकाला, समोर तिचं पत्र. बाहेरून आलेले प्राध्यापक वयस्क, शांत. त्यांनी तिला साखर, पेनिसिलिन, तापमान सगळं विचारलं. तिने सगळं नीट सांगितलं. मग ते म्हणाले, "पाणी?"

गुंजाळ सर म्हणाले, "पाण्याबद्दल शंकाच नको. साळवेबाई, रजिस्टर आणा बरं."

आणलं. सरांनी पानं उलटून त्यांच्यासमोर धरली. एका ओळीत सोमवारची लेबलं. "बघा सर, सव्वीस वर्षं. दर सोमवारी ताजं पाणी, तारीख, सही. ही पद्धतसुद्धा बाईंनी स्वतः लावलेली. आमच्या विभागात कशावरही बोट ठेवता येईल, या पाण्यावर नाही." सर माझ्याकडे बघून हसले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं असं कौतुक केलं, चार माणसांत.

मोनिका हळू आवाजात म्हणाली, "बरोबर आहे सर. फेब्रुवारीतही हेच पाणी होतं आणि आताही हेच आहे. म्हणजे चूक माझीच." आणि पेन उचललं पत्रावर सही करायला.

माझ्या सहीवरून ती पोर खोटी ठरत होती. मी ट्रे खाली ठेवला.

"सही करू नकोस. सर, ती लेबलं खोटी आहेत."

सर म्हणाले, "कुठली?"

मी बोट ठेवलं. "ही चार. दहा फेब्रुवारी, सतरा, चोवीस, आणि तीन मार्च. हे डिस्टिल्ड वॉटर नव्हतं. कॉइल माझ्याकडून जळली होती, मी हळदीकुंकवाला बसले होते. मी बोअरचं पाणी उकळून भरलं. तिने जे बघितलं ती त्या पाण्यातली घाण होती. तिने मुद्दाम काही केलेलं नाही. तिला काही माहीतच नव्हतं."

मला वाटलं मोनिका माझ्याकडे बघेल. ती माझ्याकडे नाही, रजिस्टरकडे बघत होती. त्या चार तारखांवर तिचं बोट फिरत होतं. मग तिने आपली फोटोंची वही ओढली आणि तारखा जुळवायला लागली. प्राध्यापक खुर्चीतून उठून तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"बोअरचं पाणी," ते म्हणाले. "किती क्षार असतात इथे?"

मोनिका म्हणाली, "खूप सर. इथल्या बादल्या पांढऱ्या होतात."

"कॅल्शियम," ते म्हणाले.

"आणि मॅग्नेशियम," ती म्हणाली, आणि वहीत भराभर काहीतरी लिहायला लागली. मला काही समजलं नाही. गुंजाळ सर म्हणाले, "साळवेबाई, तुम्ही बाहेर थांबा."

बाहेर बाकावर बसले. दीड तासाने मोनिका आली. माझ्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती. "चाळीस दिवस मावशी. मी माझे डोळे खोटे समजत होते. बाबांशी फोनवर बोलत नव्हते, कारण मला वाटायचं मी खोटारडी आहे. तुम्हाला रोज दिसत होतं. रोज डबा देत होतात."

मी म्हटलं, "मला वाटलं सांगितलं तर तुझं—"

"उद्या बोअरचं पाणी भरून द्या," ती म्हणाली. "अगदी तसंच. पातेलं तेच, उकळणं तेवढंच." आणि गेली.

शनिवार, ३ मे
बीपी १५०/९०

वाढले.

मंगळवारी पाणी दिलं, आज तिने बघितलं. गोल, गरगरीत, फेब्रुवारीत होते तसेच. आणि नुसतं तेवढंच नाही. तिने शुद्ध डिस्टिल्ड पाण्यात मोजून कॅल्शियम-मॅग्नेशियम घातलं, त्यातही वाढले. न घातलेल्यात फुटले. गुंजाळ सरांनी मला समजावून सांगितलं. भिंत काढली की बॅक्टेरियाच्या अंगावर नुसता पातळ पापुद्रा उरतो, तो धरून ठेवायला हे क्षार लागतात. आपलं बोअरचं पाणी या क्षारांनी भरलेलं. म्हणजे घाण नव्हती ती. पेशीच होत्या. पोरीने बघितलं ते खरं होतं, पहिल्या दिवसापासून.

आणि मी पाच एप्रिलला सांगितलं असतं, तर पाच एप्रिललाच कळलं असतं. पहिल्या सोमवारी "बोअरचं पाणी" एवढंच लिहिलं असतं, तर वीस फेब्रुवारीला दुपारपर्यंत कळलं असतं. तिच्या भल्यासाठी म्हणे गप्प होते! डोंबलाचं भलं.

मोनिकाने आज मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं नाही. सरांनी बोलावलं.

लेखी खुलासा दिला. दोन पानं झाली. सर म्हणाले, "एवढं लांब नको होतं." मी म्हटलं, "राहू द्या सर, सगळं खरं आहे."

सोमवार, १९ मे
बीपी १३०/८०

डॉक्टर खूश. "गोळी लागू पडली, आता रोज लिहायची गरज नाही, आठवड्यातून एकदा बघा," म्हणाले.

आज गोरक्षभाऊ आले होते. उन्हातान्हात, खांद्यावर पाच लिटरचा कॅन. मला वाटलं आता हे काय बोलतील, कुठे तोंड लपवू. ते दारातूनच हसत आले. "ताई! तुमच्या पान्यानं लेकीचं काम झालं म्हनं! तिनं फोनवर सांगितलं, दयामावशीनं बोरचं पानी दिलं म्हनून समदं गवसलं. लई उपकार झालं बघा." हात जोडले त्यांनी. मला.

म्हणजे तिने घरी एवढंच सांगितलं. दुसरं अर्धं सांगितलं नाही.

मी म्हटलं, "भाऊ, तसं नाही ते. मी तिला—"

मोनिका आतून आली. "बाबा, त्यात काय आणलंय?"

"आपल्या हिरीचं पानी. तू म्हनलीस ना, गावोगावचं बघायचंय? आपलं बी लई मचूळ हाय. च्यात दूध फाटतं. बघ तुझ्या जंतूंना मानवतंय का."

ती हसली. तीन महिन्यांत तिला असं हसताना पहिल्यांदा बघितलं. ड्रॉवरमधून लेबल काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: विहिरीचं पाणी, न उकळलेलं, तारीख, आणलं: गोरक्ष आरगडे. मी सवयीने नरसाळं धुऊन घेतलं, बाटली पुढे ओढली, हात कॅनला लावला.

"राहू द्या मावशी," ती म्हणाली. आवाज चांगलाच होता, रागाचा नव्हता. "मी भरते."

मी नरसाळं तिच्या हातात दिलं. तिने पाणी भरलं, झाकण लावलं आणि लेबलावर खाली स्वतःची सही केली. वडील कौतुकाने बघत होते. मग मला म्हणाले, "ताई, तूप संपलं आसंल ना? पुढच्या खेपंला आनतो."

तुपाची बाटली अजून भरलेलीच आहे. संपलं, असंच म्हणणार होते. म्हटलं, "नाही भाऊ. अजून उघडलेलं नाही."